व्याह्यांचं मानपत्र

साखरपुड्याला एकच दिवस उरला होता. विभावरीवन्संनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि शुभाच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मानपत्र वाचायला सुरुवात केली.

"'इटलीच्या भूमीत जन्मून जगाच्या नकाशावर आपले नाव कोरणारे, सायकलसम्राट, महाशर्यतीचे विजेते श्रीमान ओरेस्ते फावारो यांच्या चरणी...' चरणी नको ना गं शुभा? व्याही आहेत, चरणी जरा जास्तच होतंय. करकमली म्हणू."

शुभाच्या हातातला झारा तसाच राहिला आणि शंकरपाळ्यांचा तो घाणा करपला.

वन्सं म्हणजे शुभाच्या नवऱ्याची, सुधीरची थोरली बहीण. पुण्याच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण मानपत्रं लिहिणं काही थांबलं नव्हतं. त्यांच्या मानपत्राशिवाय त्या शाळेतून शिपाईसुद्धा निवृत्त झाला नव्हता. भाचीच्या साखरपुड्याला न्युरेम्बर्गला यायचं ठरलं तेव्हा त्यांनी सुटकेसमध्ये आधी जाड हस्तिदंती कागद आणि शाल ठेवली, मग स्वतःच्या साड्या. जावयाच्या वडिलांचा शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन सत्कार करायचा, भर सभेत, हे त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच जाहीर करून टाकलं होतं.

आणि ह्या सगळ्याला कारण होतं शुभाचं एक वाक्य.

दिवाळीत व्हिडिओवर लेकीच्या, क्षितिजाच्या लग्नाचा विषय निघाला होता. मुलगा दाविदे, इटालियन बापाचा आणि जर्मन आईचा, शाळेत खेळाचा शिक्षक, इथवर वन्संनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, वडील काय करतात? सुधीरने सांगितलं, त्यांचं सायकलचं वर्कशॉप आहे.  "म्हणजे सायकलवाला," वन्सं म्हणाल्या होत्या. "आपली मुलगी येनाच्या इन्स्टिट्यूटमध्ये लेझरवर डॉक्टरेट करतेय, आणि व्याही सायकलवाला." सुधीरने मान खाली घातली. ताईच्या होकाराशिवाय ह्या घरात आजवर काही ठरलं नव्हतं. शुभाला मात्र सत्तावीस वर्षांचा सगळा राग एकदम डोक्यात गेला, आणि ती म्हणाली, "वन्सं, ते कोण आहेत माहितीये का? इटलीची सगळ्यात मोठी शर्यत जिंकलेत ते. चॅम्पियन आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संचा होकार आला. पाठोपाठ अख्ख्या कोथरूडचे अभिनंदनाचे मेसेज आले.

"बरं झालंय की नाही?" वन्संनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"छान झालंय," शुभा म्हणाली आणि करपलेली शंकरपाळी वेगळ्या डब्यात काढायला लागली.

दुपारच्या गाडीने क्षितिजा येनाहून आली. वन्संनी तिला पाठीवरची सॅकसुद्धा उतरवू दिली नाही, कागद हातात दिला. उद्या आत्या मराठीत एकेक परिच्छेद वाचणार आणि क्षितिजाने तो लगेच जर्मनमध्ये सांगायचा, असं ठरलं होतं. क्षितिजा दोन वर्षांची असताना इथे आली. मराठी सगळं कळायचं, बोलायचीही, पण वाचताना अजून ओळीखाली बोट लागायचं. बोट दुसऱ्या ओळीपाशी थांबलं. तिने आईकडे बघितलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "आत्या, मी जरा आईला बाल्कनीत काहीतरी दाखवून येते हं."

बाल्कनीत सुधीर कुंड्यांना पाणी घालत होता. क्षितिजाने दार लावून घेतलं आणि जर्मन सुरू केलं. रागावली की ती नेहमी जर्मनमध्येच रागवायची.

"ओरेस्ते जिरो जिंकला? इटलीची ती महाशर्यत? कधी? आई, तो अकरा वर्षं प्रोफेशनल होता आणि त्याने एकही शर्यत जिंकलेली नाही. एकही! हे त्याला माहितीये, दाविदेला माहितीये, त्याच्या सगळ्या सायकल क्लबला माहितीये. आत्याला कुणी सांगितलं हे?"

शुभाने सांगितलं कुणी सांगितलं ते. सुधीरच्या हातातली झारी कुंडीबाहेर सांडायला लागली.

"तू? शुभा, मला वाटलं तू कुठेतरी वाचून बोललीस."

"मी रागावून बोलले."

"आता ताईला कळलं ना, तर ती उद्या हॉलवर यायची नाही. परवाचं विमान धरेल." सुधीरने झारी खाली ठेवली. तीस वर्षं कारखान्यांच्या कंट्रोल सिस्टिम बसवलेला माणूस, बिघाड दिसला की आधी वळसा शोधायचा. "आल्झो, तर मग ऐका. ताई मराठीत वाचणार. आपल्या मराठी मंडळींना मराठी कळतं, त्यांना खरं काय ते माहीत नाही. क्लबवाल्यांना खरं माहितीये, पण त्यांना मराठी कळत नाही. क्षितिजा, तू जर्मनमध्ये फक्त ते विजेते-बिजेते गाळून टाक. प्रश्न मिटला."

"मिटला? बाबा, माझ्या साखरपुड्यात, माझ्या सासऱ्यांसमोर, मी दोन भाषांत दोन गोष्टी सांगायच्या? आणि ते फ्रेम करून त्यांच्या भिंतीवर लागणार! दाविदे मराठी शिकतोय, बाबा. दोन वर्षांनी तो ते वाचेल." तिचे डोळे भरून आले, आणि मग ती मराठीत आली. "मी नाही वाचणार. आत्याला तू सांग आई, नाहीतर मी सांगते."

शुभाने अ‍ॅप्रन काढला. वन्संना सांगायचं तर होतंच. पण जिच्याशी खोटं बोलले तिच्याआधी ज्याच्याबद्दल खोटं बोलले त्याच्याकडे जायला हवं, असं तिला वाटलं. ओरेस्तेंकडून क्लबच्या हॉलची किल्ली आणायची आहे, असं सांगून ती घराबाहेर पडली.

ओरेस्तेंचं वर्कशॉप स्टेशनच्या दक्षिणेला, तीन ट्राम स्टॉपवर होतं. ते स्टँडला चाक लावून त्याचा आउट काढत बसले होते. त्रेसष्ट वर्षांचा, काटक, मांड्या अजून दगडी असलेला माणूस. शुभाचं जर्मन पुण्याच्या वळणाचं, ओरेस्तेंचं इटलीतल्या व्हेनेतोच्या. दोघांचंही उसनं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं चटकन कळायचं.

"फ्राउ शुभा! किल्ली ना? आणि हॉलच्या रखवालदाराशी, हाउसमाइस्टरशी बोललोय मी. दिवा लावायला परवानगी आहे. एकच, ताटात, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायची."

"मी तुमच्याबद्दल खोटं बोलले," शुभा म्हणाली. उभ्याउभ्याच, एका दमात, तिने दिवाळीपासून मानपत्रापर्यंत सगळं सांगून टाकलं, वन्संचा 'सायकलवाला' तेवढा वगळून.

ओरेस्तेंनी फिरतं चाक हाताने थांबवलं. "काय जिंकलो मी?"

"जिरो."

"अख्खी?"

"अख्खी."

ते असे हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. तेलकट हाताच्या मनगटाने त्यांनी डोळे पुसले. शुभालाही हसू आलं, आता सुटलो असं तिला वाटलं. तेवढ्यात त्यांचं हसू थांबलं.

"पण का?" त्यांनी विचारलं. "मी अकरा वर्षं एक धंदा केला. चांगला केला. ते सांगण्यासारखं नव्हतं?"

 माझ्या नणंदेला सायकलवाला चालला नसता, हे तोंडावर कसं सांगायचं? आणि खरं म्हणजे तिला स्वतःलाही तो धंदा नेमका काय होता ते माहीत नव्हतं. तीन वर्षांच्या ओळखीत तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने मान्य केलं, "मला माहीतच नाही तुम्ही काय करत होता."

ओरेस्तेंनी तिच्यासाठी दुसरं स्टूल ओढलं.

"आमच्या संघात नऊ जण असायचे. एक जिंकायला, आठ त्याला जिंकवायला. मी त्या आठांतला. उन्हाळ्यात दोनशे किलोमीटर चालवायचं म्हणजे पाणी लागतं. पाणी संघाच्या गाडीत, आणि गाडी सगळ्यांच्या मागे. मग मी मागे जायचं, आठ-दहा बाटल्या जर्सीत खुपसायच्या, पाठीत, पोटाशी, आणि एवढं ओझं घेऊन दीडशे जणांना ओलांडून पुन्हा पुढे यायचं. वाटून झाल्या की परत मागे. वारा असला की पुढे राहून तो मी खायचा, म्हणजे बर्तोल्दीला लागत नाही. बर्तोल्दी आमचा म्होरक्या. फार चांगला चढायचा."

"आणि तुम्ही?"

"मीही वाईट चढत नव्हतो," ते म्हणाले. त्यात अभिमान होता, पण बढाई नव्हती. "एकदा डोलोमाइटच्या घाटात बर्तोल्दीचं मागचं चाक फुटलं. गाडी खूप मागे. मी उतरलो, माझं चाक काढून त्याला दिलं, ढकलून पाठवलं. मग त्याचं फुटकं चाक हातात घेऊन उभा राहिलो. गारा पडत होत्या. चार मिनिटं. तो त्या दिवशी अकरा सेकंदांनी जिंकला. मी एकशे अठ्ठेचाळिसावा आलो. पेपरात त्याचा फोटो. पण मला विचाराल तर त्या अकरा सेकंदांत माझी चार मिनिटं आहेत. ती कुणी काढून घेऊ शकत नाही."

शुभाची नजर भिंतीवरच्या एकुलत्या एका फोटोकडे गेली. अरुंद गल्ली, दोन्हीकडे माणसं, एक सायकलस्वार पाय टेकून उभा, आणि अ‍ॅप्रनमधली एक म्हातारी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून.

"आई," ओरेस्ते म्हणाले. "शर्यत आमच्या गावातून जाणार होती. आमच्यात एक रिवाज आहे. रस्त्यात एखाद्याचं गाव आलं तर बाकीचे त्याला पुढे जाऊ देतात, घरच्यांना भेटायला. पण सगळ्यांना नाही हं. ज्याने अडीअडचणीला कुणाला पाणी दिलं नाही, त्याला कुणी सोडत नाही. मला त्या सकाळी बर्तोल्दीने नाही, दुसऱ्या संघांच्या म्होरक्यांनी सांगितलं, फावारो, जा. एकशे सत्तर जण मागे हळू झाले. मी एकटा गावात शिरलो. आईला वाटलं, मी पहिला आलो. म्हणाली, जिंकलास? मी म्हटलं, नाही गं, अजून नव्वद किलोमीटर आहेत."

"मग?"

"मग ते आले. मी त्यांच्यात शिरलो आणि बाटल्या आणायला मागे गेलो."

 हा माणूस आपला व्याही होणार ह्याचा तिला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की दिवाळीतल्या त्या वाक्याची लाज दुप्पट झाली.

ओरेस्तेंनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "तुमच्या नणंदबाईंना हवं ते वाचू द्या. मला काही होत नाही. पण नाव, आकडे, ट्रॉफी हे सगळ्या भाषांत सारखंच ऐकू येतं. क्लबचे लोक हसतील, आणि माझ्यावर नाही, त्यांच्यावर हसतील. एवढ्या लांबून आलेल्या बाईंवर कुणी हसलेलं मला आवडणार नाही."

ट्राममध्ये शुभाने तीन वेळा सुरुवात ठरवली आणि तिन्ही खोडल्या.

वन्सं क्षितिजाच्या खोलीत पलंगावर शालीची घडी घालत होत्या. शुभाने दार लोटून घेतलं.

"वन्सं, व्याही जिरो जिंकलेले नाहीत. काहीच जिंकलेले नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

शालीची घडी अर्धी राहिली. "काहीच म्हणजे?"

"एकही शर्यत नाही. अकरा वर्षांत."

वन्सं हळूच पलंगाच्या कडेला बसल्या. "शुभा, मी सोसायटीत सांगितलंय. शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर टाकलंय. उद्या पुण्याहून चाळीस माणसं व्हिडिओ लावून बसणार आहेत." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "का सांगितलंस?"

"तुम्ही त्यांना सायकलवाला म्हणालात."

"आणि तुला वाटलं, खरं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हटलं नसतंत?"

वन्संनी खिडकीबाहेर बघितलं.  "म्हटलं असतं," त्या म्हणाल्या.

सत्तावीस वर्षांत ह्या दोघी एकमेकींशी इतकं खरं कधी बोलल्या नव्हत्या. शुभा खुर्ची ओढून समोर बसली.

"मग तो माणूस अकरा वर्षं करत काय होता?" वन्संनी विचारलं. "हौस?"

शुभाने सांगायला सुरुवात केली. वन्सं मुख्याध्यापिकेच्या थाटात मध्येमध्ये अडवत होत्या. एक बाटली किती वजनाची? चार मिनिटं कुणी मोजली? चाक त्याने मागितलं म्हणून दिलं की ह्यांनी आपणहून? "आपणहून," शुभा म्हणाली, आणि त्यानंतर मात्र त्यांनी अडवलं नाही. गावाची गोष्ट संपली तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि शालीच्या काठावरून नुसतं बोट फिरवत होत्या.

त्या बोटाकडे बघता बघता शुभाच्या मनात आलं ते ह्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. सासरे गेले तेव्हा वन्सं एकोणीस वर्षांच्या होत्या, गणित घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सुधीर दहा वर्षांचा. वन्संनी कॉलेज सोडून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली, पाळ्या करून बाहेरून पदवी घेतली, मग शाळा. दोन स्थळं आली आणि वाट बघून गेली, कारण सुधीरचं इंजिनियरिंग व्हायचं होतं. सुधीर मात्र प्रत्येक पार्टीत एकच गोष्ट सांगायचा: दोन सुटकेस घेऊन एकटा न्युरेम्बर्गला उतरलो आणि स्वतःच्या हिमतीवर इथवर आलो. गोष्टीत ताई नसायचीच. तो मुद्दाम वगळत नव्हता. त्याला खरंच आठवत नसे, आणि शुभाला त्याचाच जास्त राग यायचा.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्यांच्या शिक्षणासाठी तुम्हीसुद्धा..."

"तो विषय काढायचा नाही." वन्संनी चष्मा चढवला. "शंकरपाळी झाली का सगळी? मग जा. क्षितिजाला पाठव. पेन घेऊन ये म्हणावं, आणि फोनसुद्धा. मला आकडे खरे हवेत. अंदाजपंचे नकोत."

"उद्या तुम्ही येणार ना?"

"जा म्हटलं ना?"

दार बंद झालं. सुधीर पॅसेजमध्ये घुटमळत होता. "काय म्हणाली ताई? रागावली? विमानाचं बोलली?" शुभाने खांदे उडवले. आतून आत्या-भाचीचे आवाज येत होते. आत्या मराठीत विचारायची, भाची फोनवर दाविदेला जर्मनमध्ये विचारायची, आणि मग मराठी, जर्मन, इटालियन असा सगळा काला होऊन उत्तर यायचं. "गेनाऊ, आत्या, अगदी बरोबर, गेनाऊ!" क्षितिजा एकदा जोरात म्हणाली, आणि वन्सं खुदकन हसल्या. सुधीरने शुभाकडे बघितलं. पण जेवायला बाहेर आल्यावर दोघींनी तोंडातून शब्द काढला नाही.

सायकल क्लबच्या हॉलमध्ये, त्या फेराइन्सहाइममध्ये, एवढ्या रेशमी साड्या आजवर कुणी बघितल्या नसतील. बियरच्या लांब बाकांवर एका बाजूला मराठी मंडळ, दुसऱ्या बाजूला क्लबची उन्हाने रापलेली माणसं, आणि मधल्या भिंतीला ट्रॉफींचं काचेचं कपाट. दिवा ताटात होता, शेजारी लाल बादली होती, आणि औक्षण होईपर्यंत हाउसमाइस्टर बादलीजवळून हलला नाही. अंगठ्या झाल्या, साखर वाटून झाली. दाविदेने "नमस्कार, मी फार आनंदी आहे" असं पाठ केलेलं वाक्य म्हटल्यावर टाळ्या पडल्या. मग वन्सं उठल्या.

निळ्या पैठणीत, हातात हस्तिदंती कागद.  शेजारी क्षितिजा उभी राहिली. टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपमधून पुण्याची चाळीस माणसं बघत होती.

"हे मानपत्र मी दोनदा लिहिलं," वन्संनी सुरुवात केली. "पहिलं खोटं होतं, म्हणून फाडून टाकलं. पुण्याच्या मंडळींनी नीट ऐकावं. आमचे व्याही इटलीची महाशर्यत जिंकलेले आहेत, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते जिंकलेले नाहीत. ते कुठलीच शर्यत जिंकलेले नाहीत. ही चूक माझी आहे. जे ऐकायला बरं वाटलं ते मी चौकशी न करता खरं मानलं आणि गावभर केलं."

शुभा अर्धवट उठली. चूक माझी, असं तिच्या ओठांवर आलंही. वन्संनी कागदावरून नजर उचलून तिच्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेने तीन पिढ्यांच्या मुलींना जागेवर बसवलं होतं. शुभा बसली आणि पदराने डोळे टिपले.

क्षितिजाने शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. क्लबच्या बाकांवरची चुळबुळ थांबली.

"आता खरं सांगते. श्री. ओरेस्ते फावारो यांनी अकरा मोसम हा धंदा केला. जिरो ही तीन आठवड्यांची शर्यत नऊ वेळा सुरू केली, आठ वेळा पूर्ण केली. नवव्या वेळी गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हाही त्या दिवसाचं अंतर कापूनच ते दवाखान्यात गेले. स्वतःचे विजय, शून्य. त्यांच्या संघाचे त्या काळातले विजय, चोवीस. त्यांतल्या एकोणीस दिवशी ते संघात होते. आकडे दोनदा पडताळले आहेत."

क्षितिजाने ते सांगितल्यावर क्लबच्या बाजूने कुणीतरी "या, या", म्हणजे हो, हो, असं हळूच म्हणालं.

"हे काय करत होते? तहानलेल्याला पाणी नेऊन देत होते. वारा आपल्या अंगावर घेत होते. स्वतःचं चाक काढून देऊन गारांत उभे राहत होते. हे काम करणाऱ्याचा फोटो छापत नाहीत. त्याला बक्षीस नसतं. पुष्कळदा घरच्यांनाही वाटतं, हा एवढी वर्षं करत काय होता? पण एकदा ह्यांचं गाव रस्त्यात आलं. तेव्हा जगातले एकशे सत्तर उत्तम सायकलपटू, त्यांत ह्यांचे प्रतिस्पर्धीही, आपण होऊन हळू झाले आणि म्हणाले, तू पुढे जा, आईला भेट. असा मान पहिला येऊन मिळत नाही. तो बरोबरच्या माणसांनी द्यावा लागतो. मी आजवर बासष्ट मानपत्रं लिहिली. एवढं खात्रीने लिहिलेलं हे पहिलंच. आमची मुलगी ह्या घरात जाते आहे, ह्याचा आम्हांला अभिमान वाटतो."

जर्मन संपलं तसे क्लबचे लोक उठले. आधी दोघं-तिघं म्हातारे, मग सगळे. बाक सरकल्याचा मोठा आवाज झाला. मराठी बाजूही उठली. लॅपटॉपमधूनही टाळ्यांचा चुरचुर आवाज यायला लागला. वन्संनी शाल ओरेस्तेंच्या खांद्यांवर घातली, हातात नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते न कळल्यामुळे त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला.  हाइके, त्यांची बायको, त्यांच्या दंडाला धरून उभी होती आणि तीच रडत होती.

शेवटी ओरेस्ते क्षितिजाकडे झुकून काहीतरी म्हणाले. क्षितिजा आत्याकडे वळली.

"आत्या, ते विचारतायत," ती म्हणाली, "तुम्ही कुणासाठी चालवलीत?"

"मी?" वन्सं गोंधळल्या. "मला कुठे सायकल येते?"

मराठी बाजूला हशा पिकला. क्षितिजाने ते सांगितल्यावर ओरेस्तेंनी मान हलवली. ते हसले नाहीत. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलले, आणि क्षितिजाने तेही मराठीत आणलं.

"ते म्हणतात, हे बाहेरून बघणाऱ्या माणसाला असं लिहिता येत नाही. हे ज्याने केलंय त्यालाच येतं. म्हणून विचारतायत, आत्या. तू कुणासाठी चालवलीस?"

वन्संनी कागदाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "काहीतरीच विचारतात," त्या पुटपुटल्या. "त्यांना सांग, जेवण गार होतंय." पण क्षितिजाने ते सांगितलं नाही.  शुभाने शेजारी बघितलं.

सुधीरची मान खाली होती. मग तो उठला. साठीचा, सूट घातलेला, न्युरेम्बर्गमध्ये स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

आवाज नीट निघाला नव्हता, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "माझ्यासाठी चालवली ताईने. पाळ्या करून. मी इंजिनियर झालो, इथे आलो, आणि कुणाला कधी सांगितलं नाही."

क्लबचे लोक वाट बघत होते. क्षितिजाने बापाचं वाक्य स्पष्ट, मोठ्या आवाजात जर्मनमध्ये सांगितलं. ओरेस्तेंनी नारळ टेबलावर ठेवला आणि वन्संसमोर मान लववली.

वन्संचा चेहरा लाल झाला होता. त्या लॅपटॉपकडे बघत होत्या, बाकांकडे बघत होत्या, फक्त भावाकडे बघत नव्हत्या.

"खाली बस, सुधीर," त्या म्हणाल्या. "लोक बघतायत."

"बघू देत, ताई," सुधीर म्हणाला, आणि तो उभाच राहिला.